दुसरीला शिकवलेलं जेनेरिक्स

मी अनिमेषला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझी भेंडी खात होता. घोडबंदर रोडवरच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांचे स्टीलचे डबे सारखेच, त्यामुळे त्याला दोष तरी काय द्यायचा?

"सॉरी… मला वाटलं माझाच डबा."

"अर्धी भाजी संपल्यावर कळलं?"

"पहिल्या घासालाच कळलेलं," तो म्हणाला, "पण मग थांबवेना."

अशा माणसावर रागवायचं कसं? मी समोरची खुर्ची ओढली आणि त्याच्या डब्यातला दहीभात संपवला.

आमची टीम सोसायट्यांच्या गेटसाठी ॲप बनवत होती. पाहुण्यांची यादी, पार्सलांची यादी. मी नवी, त्यामुळे कोणत्या यादीत काय जाईल हे कोडमध्येच बांधून ठेवायची युक्ती, म्हणजे जेनेरिक्स, मला त्यानंच शिकवली. "डबा एकदाच बनवायचा," तो सांगायचा, "आणि वापरताना त्यावर लिहायचं, यात फक्त भेंडी. मग कोणी दहीभात घालायला गेलं तर कोड लिहितानाच लाल रेघ येते. जेवायला बसल्यावर फजिती नाही." बोलताना त्याची बोटं कीबोर्डवर माझ्या बोटांजवळ यायची… आणि मी म्हणायचे, "परत सांग ना."

मग कोपरहून येणारी श्रिया आमच्या टीममध्ये आली. कुरळे केस, गालाला खळी, प्रश्न विचारताना मान तिरकी करायची सवय. एका दुपारी मी चहा घेऊन आले, तर अनिमेष तिला सांगत होता, "समज, एका डब्यात भेंडी आहे…"

माझी भेंडी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच संध्याकाळी श्रियाचा कोड माझ्याकडे तपासायला आला. आमच्यात दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कोड पुढे जात नाही. तिनं यादीवर 'फक्त पार्सल' असं नीट लिहिलं होतं. कुठेच खोट नव्हती, हेच मला सोसेना. मी शेरा मारला, 'इतकं बांधून ठेवायची गरज नाही, हे काढून टाक.' बिचारीनं काढलं.

दुसऱ्या दिवशी क्लायंटसमोर पार्सलांच्या यादीत विमलाबाई नावाच्या पाहुण्या जाऊन बसल्या आणि ॲप बंद पडलं. आमच्या टीमच्या प्रमुख उत्तरा मॅडम श्रियाला नाही नाही ते बोलल्या. ती मान खाली घालून उभी राहिली, पण माझं नाव घेतलं नाही.

अनिमेषनं मला बाल्कनीत गाठलं. "तुझा शेरा वाचला मी. तुला हे येत नाही असं नाही, रसिका. पहिल्याच आठवड्यात तू माझ्याहून बरं लिहिलेलंस."

"तू तिला का शिकवलंस?" मी उसळून विचारलं. "तेच, तसंच… मला नाही सहन होत. तू मला आवडतोस, कळत नाही का तुला?"

तो कठड्याला टेकला. "तिला एकदाच सांगितलं. तुला येत असूनही मी रोज सांगायचो."

"मग मला येतं हे बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू विचारायचं थांबवलं असतंस… आणि मला तेच नको होतं." त्यानं माझा हात हातात घेतला. "पण आधी मॅडमकडे चल. श्रिया तिथेच आहे."

मी दोघींसमोर चूक कबूल केली. मॅडम तापल्या. श्रिया मात्र हसली. "मला डाउट आलेलाच," ती म्हणाली. "असा शेरा तू शुद्धीत मारणार नाहीस."

ती इतकी चांगली निघाली की माझा पुन्हा जरा जळफळाट झाला. मी तिला तिथल्या तिथे सांगून ठेवलं, "यापुढे काही अडलं तर माझ्याकडे यायचं. अनिमेषला वेळ नसतो."