फाटकाशेजारची मोकळी जागा

टक्.

एवढाच आवाज. बारीक. नखानं काडी मोडावी तसा.

दुपारचे सव्वादोन झालेले. घर चिडीचूप. एरवी बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचं घोरणं यायचं, तेही आत्ता थांबलेलं.

ती हातातला कटर तसाच धरून बसून राहिली.

आवाज याच खोलीतून आला होता. आणि खोलीत ती एकटीच होती.

ही माझ्या मावसबहिणीची हकिकत. मुलीला ताप आला तरी अर्धा अंश कमीच करून सांगणारी बाई आहे ती. वाढवून बोलणं तिच्या स्वभावातच नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, भर उजेडात, दार सताड उघडं ठेवून. वर म्हणाली, "पुन्हा हा विषय काढायचा नाही." मी काढला नाही. फक्त लिहून ठेवतेय.

तिचे सासरे समुद्रकाठच्या एका छोट्या स्टेशनावर सव्वीस वर्षं स्टेशनमास्तर होते. दिवसाला चार गाड्या. एक फलाट, एक फाटक, फाटकापलीकडे थेट वाळू. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. घरी बसून काय करणार? मागच्या खोलीत दोन जुनी दारं टेबलासारखी आडवी टाकली आणि त्यांवर आपलं अख्खं स्टेशन पुन्हा उभं करायला घेतलं. खेळण्यातली गाडी, रूळ, सिग्नल, सगळं. पण मध्येच हातांना कंप सुटला. कपातला चहा बशीत यायला लागला, तिथे नखाएवढी खिडकी कोण कापणार?

म्हणून इमारती सुनेकडे आल्या.

आणि तिचा त्यात जीव गुंतला.

साबणाच्या खोक्यांच्या भिंती. बिस्किटांच्या पुड्यातल्या नालीदार कागदाचे पत्रे. भांडी घासायच्या स्पंजची झुडपं. वाळू चहाच्या गाळणीतून चाळलेली. समुद्र मात्र वॉर्निशचा. निळ्या रंगावर एक पातळ थर द्यायचा, तो पूर्ण दिवस वाळू द्यायचा, मग पुढचा. अकरा थर झाले तेव्हा कुठे पाण्याला खोली आली.

"सूनबाई, खऱ्या समुद्रालासुद्धा एवढा वेळ लागला नसेल," मास्तर चिडवायचे.

"त्याला मध्येच उठून पोरीला शूला न्यावं लागत नव्हतं, बाबा."

पोर म्हणजे भिंगरी. वय वर्षं चार. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव. पण दुपारी दोन ते चार ती आजोबांच्या पोटावर पाय टाकून गाढ झोपायची. तेवढेच दोन तास हिला मोकळे मिळायचे. मास्तरांच्या भरवशावर. आणि भरवसा इतका पक्का, की तो आपण ठेवलाय हेही तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

प्रत्येक इमारतीसाठी मास्तर पेन्सिलीनं नकाशा काढून द्यायचे. टाकीपासून बाकापर्यंत बावीस पावलं. बाकापासून तिकीट खिडकीपर्यंत नऊ. सगळं डोक्यात. फक्त फाटकाशेजारी एक चौकोन होता आणि त्यात एकच शब्द.

मोकळं.

आता, असलं काम करणाऱ्याला मोकळी जागा खुपते. खऱ्या गावात ती डोळ्यांत येत नाही, पण दारावर मांडलेल्या गावात पडलेल्या दातासारखी दिसते. तिच्याकडे थोडा पुठ्ठा उरला होता. कुणाला न विचारता तिनं तिथं एक घर बसवून टाकलं. दोन खिडक्या, उतरतं छप्पर, समुद्राकडे दार, दाराला दोन पायऱ्या.

मास्तर चहा घेऊन आले. चष्मा पुसला. वाकून पाहिलं.

त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कोपरा भकास दिसत होता."

"काढ ते. तिथं घर नव्हतंच."

"बरं, काढते."

ते दारापर्यंत गेले. थांबले. मागे न वळता म्हणाले,

"आणि पायऱ्या तीन होत्या."

ती बघतच राहिली. जे घर नव्हतंच, त्याच्या पायऱ्या यांनी कधी मोजल्या?

तिनं पात्यानं घर सोडवलं, चपलांच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं, वर झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आवाज झाला.

टक्.

तिनं मान वळवली. फाटक पडलं होतं. हे फाटक म्हणजे बांबूची एक काडी. टेबलाखालून दोरा ओढून खिळ्याला गुंडाळला की वर व्हायचं. दोरा सुटला तरच खाली येणार. ती वाकून बघायला गेली.

दोरा खिळ्याला घट्ट गुंडाळलेला होता...

ती सावकाश उभी राहिली. आणि मग तिला दिसलं.

फाटकाशेजारी घर होतं.

चपलांच्या खोक्याचं झाकण जसंच्या तसं. आत काही नाही.

तिनं घराच्या दाराकडे पाहिलं.

पायऱ्या... तीन.

बोट लावलं तर गम अजून ओला. पांढरा. आत्ताच कुणीतरी लावल्यासारखा.

ती पावलं न वाजवता बाहेरच्या खोलीपर्यंत गेली. मास्तर पलंगावर आडवे. भिंगरी त्यांच्या पोटावर पाय टाकून झोपलेली. घोरणं पुन्हा सुरू झालेलं. शिवाय या हातांनी कपसुद्धा धरवत नाही, काडीपेटीच्या काडीएवढी पायरी कुठून कापली जाणार?

राहता राहिला नवरा. संध्याकाळी तो जेवायला बसला, तशी तिनं विषय काढलाच.

"तू मागच्या खोलीत गेला होतास?"

"मी? कशाला?"

"खरं सांग. ते घर तू चिकटवलंस ना?"

"अगं, परवा मी पाव कापला तर म्हणालीस, ही काय दाराला लावायची पाचर आहे का! आणि मी पायऱ्या कापतोय होय?"

तिला हसू आलं, पण पुरतं नाही.

"बाबांच्या स्टेशनात फाटकाजवळ घर होतं का रे?"

त्याचा घास थांबला.

"आई म्हणायची, होतं. बाबा म्हणतात, नव्हतं."

"मग दोघांतलं खरं कोण बोलतं?"

"जेवू दे गं मला."

आता तिची खात्री पटली. काहीतरी लपवलं जातंय. आणि लपवणारा माणूस रोज दुपारी आपली लेक कुशीत घेऊन झोपतोय.

तिनं परीक्षा बघायची ठरवली. समुद्राला बारावा थर दिला. वॉर्निश ओलं असताना त्याला श्वाससुद्धा लागता कामा नये, बोट लागलं तर ठसा कायमचा. म्हणून खिडकी बंद केली. दाराला कुलूप. किल्ली स्वतःच्या उशाखाली. घरातलं कुणी चोरून जात असेल, तर उद्या कळेलच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप उघडलं.

थर वाळला होता. आरशासारखा.

फक्त एका बाजूला काहीतरी खुपत होतं. तिनं दिवा जवळ घेतला...

पावलं होती.

तिळाएवढी. एकापुढे एक. तिसऱ्या पायरीपासून निघालेली, वाळूवरून गेलेली, आणि मग थेट समुद्रावर. जिथं तिनं पाणी गडद रंगवलं होतं तिथपर्यंत.

तिथून पुढे नाही.

परत येणारीही नाहीत.

ती दिवा घेऊन आणखी खाली वाकली. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. बाहेरच्या खोलीतलं घोरणं बंद झालंय. त्या दिवशी फाटक पडलं तेव्हाही ते असंच बंद झालं होतं.

ती धावत गेली.

मास्तर पडलेलेच होते. पण डोळे टक्क उघडे. झोपलेल्या भिंगरीचं मनगट त्यांनी मुठीत आवळून धरलं होतं. इतकं घट्ट, की त्यांच्या बोटांचा कंपसुद्धा थांबला होता.

"बाबा... झोपला नाहीत?"

"मी दुपारचा झोपत नाही."

"अहो, रोज घोरता की!"

"घोरतो," ते म्हणाले. "जागा असलो तरी घोरतो. ती जवळ आली की थांबतो."

"कोण? भिंगरी?"

त्यांची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली.

तिनं आधी मनगट सोडवलं. मुलीला खांद्यावर घेतलं. मग त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि दिवा समुद्राजवळ धरला.

मास्तर मटकन स्टुलावर बसले. मग आपणहून बोलायला लागले.

"फाटकवाल्याची पोर. आपल्या भिंगरीएवढी. आई नव्हती तिला. दुपारी तो रूळ तपासत लांबवर जायचा, तेव्हा तिला माझ्यापाशी ठेवायचा. चारला येऊन न्यायचा. माझ्या ऑफिसात बाकावर झोपायची ती, मी घोरलो की तिला झोप यायची. त्या दिवशी... त्या दिवशी मला खरंच डोळा लागला, सूनबाई. उठलो तर बाक रिकामा."

"मग?"

"सापडलीच नाही."

"आणि फाटकवाला?"

मास्तरांनी चष्मा काढला.

"मी सगळ्यांना सांगितलं, त्यानं पोर माझ्याकडे दिलीच नव्हती. घरात एकटी टाकून गेला. माझा शब्द, मास्तरांचा. त्याचं कोण ऐकणार? लोक त्याच्या तोंडावर थुंकले. तो गेला कुठेतरी. मग मीच वर लिहून ते घर पाडून घेतलं."

शिव्या घालाव्यात की पाणी द्यावं, तिला कळेना. म्हातारा माणूस. रडत होता. इतक्या वर्षांचं साठलेलं पहिल्यांदा बाहेर आलं होतं.

नाक पुसत तो पुढे म्हणाला,

"एवढीशी पोर. पण पाण्यात जाताना एकदाही मागे वळून बघितलं नाही गं तिनं."

आणि तो रडतच राहिला.

तिच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

तुम्हाला तर डोळा लागला होता ना, बाबा?

झोपलेल्या माणसाला हे दिसलं कुठून?

तिनं विचारलं नाही. विचारून जे उत्तर मिळालं असतं, ते ऐकून त्याच घरात राहणं तिला झेपलं नसतं. तिनं फक्त भिंगरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि खोलीबाहेर पडली.

त्या दिवसापासून मुलगी त्यांच्यापाशी झोपली नाही.

नवऱ्यानं कुरकुर केली. "काय झालंय तुला? बाबांची नात आहे ती."

"माझी लेक आहे," ती म्हणाली. बाकी काही सांगितलं नाही. कसं सांगणार? त्याचा बाप तो.

दुपारी मास्तर पलंगावर एकटेच पडून असत, भिंतीकडे तोंड करून. आता घोरण्याचाही आवाज येत नव्हता.

मग तिनं ठरवलं, हे सगळं मोडायचं. रूळ, फलाट, समुद्र, अख्खं स्टेशन. मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. मोडायलाही दोन तास हवेत, आणि मुलगी तर नजरेआड करायची नाही. म्हणून मागच्या खोलीतच छोटी गादी टाकली, कडी लावली, भिंगरीला तिथंच निजवलं. मी तिला म्हटलं, "अगं, त्याच खोलीत?" तर म्हणाली, "पुठ्ठ्याच्या घराला कोण भितं? मला भीती माणसाची होती."

यापुढचं सांगताना तिनं माझा हात धरला होता.

तिनं आधी सिग्नल उपटले. मग तिकिटाची खिडकी. मग टाकी. एकेक वस्तू खोक्यात टाकत ती फाटकाशी आली. घराच्या भिंतीखाली पातं सरकवलं.

"आई, ते नको ना काढूस."

भिंगरी जागी होती. गादीवर उठून बसली होती, नीट मांडी घालून. ती आईकडे बघत नव्हती. घराच्या पायऱ्यांकडे बघत होती.

"का गं राणी?"

"मग ती बसेल कुठे?"

पातं तसंच राहिलं.

"कोण... कोण बसेल?"

"ती. आजोबांनी तिला सांगितलंय, तुझे बाबा न्यायला येईपर्यंत कुठ्ठे जायचं नाही." भिंगरीनं जांभई दिली. डोळे चोळले. मग अगदी साध्या, झोपाळलेल्या आवाजात विचारलं, "आई, कधी येणार गं तिचे बाबा?"