शुभारंभाचा थेंब

वंशपरंपरेने येणाऱ्या अंधत्वाचा मानवी इतिहासातून अंत झाला तो सोळा नोव्हेंबर २०४३ रोजी, सकाळी अकरा वाजता. निमंत्रणपत्रिकेवर तरी तसंच छापलं होतं. प्रत्यक्षात पाहुणे पावणेएकला आले, आणि अंधत्व अजून आहे.

समारंभाच्या आठ दिवस आधी मिरजेबाहेरच्या नेत्रांकुर संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत एक वाद झाला. त्याची नोंद इतिवृत्तात नाही. वाद घालणारे दोघे होते. डॉ. श्रीनिवास उकिडवे हे जनुकथेंबाचे जनक. डॉ. फरझाना मुजावर या प्रतिकारशास्त्राच्या, म्हणजे शरीर परक्याला कसं ओळखतं आणि कसं हाकलतं या विषयाच्या जाणकार.

तोवर निरोगी जनुक डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचवायचं तर सुईला पर्याय नव्हता. सुई थेट पडद्याखाली घालायची, तर तेवढा स्थिर हात राज्यात चौघांचा, आणि चौघेही निवृत्तीला आलेले. डोळ्यातल्या पारदर्शक गरात औषध सोडायचं, तर निम्मं तिथेच अडकून पडायचं. उकिडव्यांनी एका विषाणूला आतून पोकळ केलं आणि त्या वाहककवचात निरोगी जनुक भरलं. हे कवच बुबुळावर पडलेल्या थेंबातून निघून पडद्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जात असे. अट एकच होती: उपचार आयुष्यात एकदाच. शरीर कवच लक्षात ठेवतं आणि दुसऱ्या खेपेला दारातच फोडतं.

खरा उपचार चाळीस मिनिटांचा, निर्जंतुक खोलीत, रुग्णाला उताणं झोपवून. तिथे पाहुणे, फोटोग्राफर आणि हार यांना मज्जाव. म्हणून केंद्राच्या अध्यक्षांनी एक मार्ग सुचवला होता. खरा उपचार तीन आठवड्यांनी होईलच, पण त्याआधी मंचावर पाहुण्यांच्या हस्ते बाराही रुग्णांच्या डोळ्यांत शुभारंभाचा एकेक थेंब पडावा. शास्त्रापुरता.

"साधं मिठाचं पाणी घाला ना," मुजावर म्हणाल्या.

"ती फसवणूक होईल, मॅडम. इथे फसवणूक चालणार नाही." उकिडवे हे सिस्टर सुवार्ता उजगरे यांच्यादेखत म्हणाले. सिस्टर तेव्हा कुप्यांवर चिठ्ठ्या लावत होत्या. "कवचं तयार करताना काही रिकामीच राहतात. ती आपण वेगळी काढून ठेवलीत. थेंबात तीच घालू. औषध वाया जाणार नाही आणि खोटंही ठरणार नाही."

"सर, कवच म्हणजे टेम्पो आणि जनुक म्हणजे त्यातला माल. बरोबर? गेटवरचा वॉचमन माल बघत नाही, टेम्पोचा नंबर लिहून घेतो."

"डोळ्यात वॉचमन नसतो. शरीराचा पहारा डोळ्याच्या आत फिरकत नाही, हे तुम्हीच शिकवता."

"डोळ्यात नसतो. पण डोळ्यात घातलेलं औषध घशात कडू का लागतं? अश्रुनलिकेतून नाकात उतरतं म्हणून. आणि नाका-घशात तर पहारेकऱ्यांचं अख्खं ठाणं आहे. खऱ्या उपचाराला आपण त्या नळीला बूच लावतो, ते उगाच नाही."

"एका थेंबानं काय होतंय?" उकिडवे म्हणाले. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मुजावर गप्प बसल्या. त्याची लाज त्यांना पुढे वाटली, पण ती पुढची गोष्ट.

समारंभ उत्तम झाला. रुग्णांमध्ये कुंभोजच्या दोघी बहिणी होत्या. पद्मावती एक्केचाळीसची आणि विमल चौतीसची. दोघींनाही एकच रोग. नजर कडेकडून मिटत जाते, नळीतून पाहावं तसं दिसतं आणि पुढे नळीही बुजते. विमलचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि त्यावर घर चालायचं. पद्मावती बसून हुक-काजं करायची. विमलच्या हातात जास्तीत जास्त तीन वर्षं होती. यादीत पद्मावतीचा नंबर पाचवा होता आणि विमलचा बारावा. मंचाच्या पायऱ्यांशी पद्मावतीने सिस्टरना सांगितलं, "धाकटीला माझ्या जागी घ्या. तिचं शिवणकाम आहे. मी मागं थांबते." सिस्टरनी दोघींच्या जागा बदलल्या.

थेंब पडले, टाळ्या झाल्या. घशात काय लागतंय, असं पाहुण्यांनी प्रेमाने प्रत्येकाला विचारलं. अकरा जणांनी कडू सांगितलं. पद्मावतीने खारट सांगितलं. चवीचं प्रत्येकाचं वेगळं असतं, असं उकिडव्यांनी माईकवरून स्पष्ट केलं.

तीन आठवड्यांनी खरा उपचार झाला आणि आणखी दोन महिन्यांनी परीक्षा. अंधुक उजेडातला लांब बोळ, त्यात स्टुलं, बादल्या, आडवी दोरी. विमल पहिल्याच स्टुलाला अडखळली. मग एकेक करत दहा जण अडखळले. पद्मावती मात्र दोरी ओलांडून, बादलीला वळसा घालून सरळ पलीकडे गेली.

बाहेर आल्यावर विमलने विचारलं, काय दिसलं. पद्मावती म्हणाली, फारसं काही नाही.

केंद्राने कारणं शोधली. वय, जनुकाचा प्रकार, चंद्राची तिथी. पद्मावतीला कांदा-लसूण वर्ज्य असल्याचा परिणाम असावा असं अध्यक्षांचं मत पडलं. पण विमलही कांदा-लसूण खात नव्हती. शेवटी मुजावरांनी बाराही जणांचं रक्त तपासलं. अकरा जणांच्या खऱ्या उपचाराआधीच्या नमुन्यांतच कवचाला फोडणारी प्रतिद्रव्यं खच्चून भरलेली होती. पद्मावतीच्या रक्तात ती फक्त खऱ्या उपचारानंतरची होती, आधीच्या नमुन्यात एकही नाही.

उकिडव्यांनी तो कागद दोनदा वाचला. औषध उत्तम होतं. त्यांनी अकरा जणांना त्याविरुद्ध लस टोचली होती, तीही हार-तुऱ्यांसह.

बहिणींना बोलावणं त्यांनी आठवडाभर टाळलं. मग बोलावलं आणि मुजावरांच्या देखत सगळं सांगितलं, टेम्पोसकट. पुन्हा उपचार होणार नाही हेही सांगितलं. सांगताना ते टेबलावरच्या काचेकडे पाहत होते. तिच्यात त्यांचाच चेहरा दिसत होता, म्हणून मग खिडकीकडे पाहू लागले.

"म्हणजे आमचं शरीर त्या एका थेंबानं शिकलं," विमल म्हणाली.

"हो."

"मग अक्काचं का नाही शिकलं? थेंब तर तिलाही पडला."

"ते अजून..." उकिडव्यांनी चवीपासून सुरुवात केली.

दाराशी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सिस्टर उजगरेंनी तो खाली ठेवला आणि सांगून टाकलं. समारंभाच्या दिवशी मंचामागे एक कुपी त्यांच्या हातून फुटली होती. बारा नंबरची. पाहुणे जिना चढत होते. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्यांनी डोळे धुवायचं मिठाचं पाणी भरून वर चिठ्ठी लावली.

"तीन महिने झाले, सिस्टर. तुम्ही बोलला नाहीत," उकिडवे म्हणाले.

"लाज वाटली, सर. फसवणूक चालणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. मी प्रार्थनेत रोज माफी मागतेय."

मुजावरांनी डोळे मिटून घेतले. खोलीतल्या तीन शिकलेल्या माणसांपैकी फक्त सिस्टरांच्या हातून एक डोळा वाचला होता, खरं तर दोन, आणि माफी त्याच मागत होत्या.

पद्मावती खाली पाहत म्हणाली, "बारा नंबर तुझा होता, विमल."

विमलने बराच वेळ साडीच्या काठावरची एक शिवण बोटाने चाचपली.

"अक्का, मला माहीत होतं तुला दिसतंय ते. गेले पंधरा दिवस तू घरात मुद्दाम धडकतेस. खरं धडकणारं माणूस आधी धडकतं, मग थांबतं. तू आधी थांबतेस." तिने चाचपत बहिणीचं कोपर धरलं. "आता नको धडकू. दुकानात माप घ्यायला कुणीतरी बघणारं लागेल. चल."

दोघी निघाल्या. उकिडवे सोडायला उठले आणि पुन्हा बसले. दोघींच्या मागे मुजावरही निघून गेल्या.

शोधनिबंध लिहायचा म्हणून उकिडव्यांनी नंतर भांडाराकडून समारंभाच्या दिवसाची यादी मागवली. त्या दिवशी केंद्रात मिठाच्या पाण्याच्या चारशे बाटल्या शिल्लक होत्या.