ओहोटीची वेळ

भार्गवीची स्कूटी फेरीबोटीच्या उतारावर बंद पडली नसती, तर विनेशशी तिची ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. ती बोर्ली पंचतनच्या सुपारी बागायतदाराची मुलगी, खाडीपलीकडच्या शाळेत शिक्षिका. तो कोळीवाड्यातला, कोचीच्या गोदीत इंजिनांची कामं करणारा, सुट्टीवर आलेला. त्याने स्कूटी ढकलली, आणि पुढचे पंधरा दिवस दोघांनाही रोज नेमकी एकच फेरी सापडू लागली.

आज रविवार. विनेश परत निघाला होता. "नऊची फेरी धरणार," असं तो काल सहज बोलल्यासारखं बोलला होता, आणि भार्गवीही सहज आल्यासारखी धक्क्यावर आली होती... केसांत सोनचाफा माळून.

पण फेरी सुटलीच नव्हती. खाडीचं पाणी ओसरलं होतं आणि बोट चिखलाशेजारी निवांत उभी होती.

"साडेदहाशिवाय हलत न्हाय ती," विनेश बॅगेवर बसत म्हणाला. घाई त्याच्या चेहऱ्यावर नावालाही नव्हती.

"आणि विमान चुकलं म्हणजे?" तिचाच जीव टांगणीला लागला. "किती लांब आहे रे तुझं कोची?"

"मुंबईहून हजार-अकराशे किलोमीटर. विमानाला दोन तास."

"बस्स? नि इथून मुंबईच्या विमानतळाला सहा तास."

"व्हय. लांब कोची न्हाय, लांब बोर्ली हाय."

ती हसली, पण हसू टिकलं नाही. गुरुवारी तळा गावाहून तिला बघायला पाहुणे येणार होते. परवाच तिने त्याला हे सांगितलं, तर तो नुसतं "बरं" म्हणाला होता. आज तो असाच गेला, तर तिचे वडील, तात्या, गुरुवारी सुपारी फोडून मोकळे होणार होते.

"तिकीट दाखव बघू."

त्याने बिचकत मोबाइल पुढे केला. विमान रात्री साडेनऊचं होतं.

"मग सकाळी नऊची फेरी कशाला हवी होती?" तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "कोळ्याच्या घरात जन्मून तुला आजची ओहोटी ठाऊक नव्हती?"

"तिथीवरून ओहोटी आमच्यात शेंबडं पोरही सांगतं." तो पाण्याकडे बघत राहिला. "ठाऊक व्हती... म्हणून तर नऊ सांगितले. बोटीत दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात मला न्हाय जमत बोलायला — पंधरा दिवस बघतेयस ना. दीड तास तरी पायजे व्हता."

"मग बोल."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "त्या पाहुण्यांना... नको म्हणशील? माझ्यासाठी?"

भार्गवीचा चेहरा आनंदाने फुलला. तिने केसांतला चाफा काढून त्याच्या खिशात ठेवला. बोटीखाली पाणी हळूहळू चढू लागलं होतं.

"दोन नि सहा, आठ तासांवर माहेर," ती म्हणाली. "चालेल मला. तात्यांशी आजच बोलते. पण माहेरी येताना ओहोटी तू बघायचीस."