फाशाला रागवून पाहा

"नोंद्या, मला रागव. जोरात!"

केतकी वानखडे कमरेवर हात ठेवून रोबोसमोर उभी होती. नोंद्या म्हणजे अमरावतीच्या धनुर्विद्या केंद्रातला, गुण टिपणारा रोबो. खाली तीन चाकं, बाजूला एक लांब हात आणि वर दोन कॅमेरे. २०५२ साली असे रोबो मैदानांवर नवीन राहिले नव्हते, पण रागवून घ्यायला आलेली मुलगी नोंद्याला नवीन होती.

"काय चुकलं तुझं?" त्याने विचारलं.

"काहीच नाही. आज साठपैकी चौपन्न मिळाले. गावंडे सर शाब्बास म्हणाले. म्हणजे उद्या मी आपटणार! आणि उद्याच जिल्ह्याची निवड चाचणी आहे."

बारा वर्षांच्या केतकीकडे पुरावा होता. तिच्या वहीत तीन महिन्यांचे गुण होते. सरांनी कौतुक केलं की दुसऱ्या दिवशी गुण घसरत. सर ओरडले की वाढत. सरही म्हणायचेच, "गोड बोललं की पोरं ढिली पडतात."

म्हणून धाकट्या गटाची जबाबदारी मिळाल्यावर केतकीनेही तेच केलं. नऊ वर्षांच्या सकीनाचे तीन बाण लक्ष्याबाहेर गेले, तेव्हा केतकी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडली. आज सकीना आलीच नाही. तिचे अब्बू छोटं धनुष्य परत देऊन गेले. "पोट दुखते म्हणते. येत नाही म्हणते," एवढंच ते म्हणाले. धनुष्य बाकावर पडलं होतं. केतकी तिकडे बघत नव्हती.

नोंद्याने खणातून लुडोचे दोन फासे काढले. "आधी यांना रागव. बेरीज पाच किंवा कमी आली तर रागवायचं. नऊ किंवा जास्त आली तर कौतुक करायचं. आणि पुढच्या वेळी काय होतं ते लिहायचं."

पहिल्यांदा तीन आले. "लाज नाही वाटत? तीन?" केतकी ओरडली. पुढच्या वेळी आठ.

"सुधारले की!" ती म्हणाली.

मग अकरा आले. "शाब्बास रे माझ्या वाघांनो!" लगेच पुढे सहा.

"बघ, शेफारले!"

तिचा आवाज ऐकून गावंडे सर आले. "काऊन ओरडून राहिली त्या फाशांवर?" मग त्यांनीही फासे हातात घेतले. चार आले. "मेहनत करत नाही लेकाचे!" सर गरजले. पुढे नऊ आले. सर खो खो हसले आणि मध्येच थांबले.

"पण याइले तर कान नाहीत."

"नाहीत," नोंद्या म्हणाला. "दोन फाशांची बेरीज तीन येणं दुर्मीळ. त्यामुळे तीननंतर बहुतेक वेळा मोठीच बेरीज येते, आणि अकरानंतर लहान. रागवा, कौतुक करा, नाहीतर गप्प बसा. याला म्हणतात सरासरीकडे परतणे (फार चांगल्या किंवा फार वाईट निकालानंतरचा निकाल नेहमीच्या पातळीजवळ येणे). केतकीच्या गुणांतही दोन भाग असतात. एक तिचं कौशल्य, ते एका रात्रीत बदलत नाही. दुसरा योगायोग, म्हणजे वारा, घाम, झोप. चौपन्न आले तेव्हा योगायोगही तिच्या बाजूने होता."

सरांनी मान हलवली. "पोरगी म्हणजे फासा नाही, नोंद्या. तिले कान आहेत."

"म्हणून वेगळं तपासायला हवं. जुलैत तुम्ही पंधरा दिवस नागपूरला होता. तेव्हा केतकीचे सहा दिवस वाईट गेले. कोणीच रागावलं नाही. तरी पाच वेळा दुसऱ्या दिवशी गुण वाढले. सहा नोंदी फार थोड्या, म्हणून मी केंद्रातल्या चाळीस मुलांच्या पाहिल्या. तिथेही तसंच दिसतं."

"मग मी सुधारले तरी कशाने?" केतकीने विचारलं.

"जूनमध्ये तुझी सरासरी अडतीस होती. ऑगस्टमध्ये पंचेचाळीस. सरांनी तुझं कोपर कुठे चुकतं ते दाखवलं, त्या आठवड्यापासून ती चढत गेली."

"ते तर मी हळूच सांगितलं होतं," सर पुटपुटले.

"हो. तशी नोंद आहे. अजून एक, फाशांचं पोट दुखत नाही."

केतकीने बाकावरचं छोटं धनुष्य उचललं, फासे खिशात टाकले. "सर, मी सकीनाकडे जाऊन येते."

सकीना दाराआडून बघत होती. "मी चुकीचं मोजलं होतं," केतकी म्हणाली. "ये, या फाशांना रागवू."

दुसऱ्या दिवशी चाचणीत केतकीला सत्तेचाळीस गुण मिळाले. चौपन्न नाही, पण निवड झालेल्या सहा जणांच्या यादीत ती पाचवी आली. सरांनी मोठ्याने बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि विचारलं, "चौथ्या बाणाला श्वास कधी सोडला होता?"

संध्याकाळी सकीना मैदानावर आली. तिचा पहिला बाण लक्ष्याच्या अलीकडेच मातीत रुतला. तिने मान आत ओढून केतकीकडे पाहिलं.

"खांदा कानापाशी गेला होता," केतकी म्हणाली. "खाली घे. पुन्हा सोड बघू."

दुसरा बाण लक्ष्याच्या अगदी कडेला लागला.

"हे मी सुधारले की योगायोग?" सकीनाने विचारलं.

"काय माहीत! शंभर बाण सोडू, मग कळेल."

नोंद्याने सकीनाच्या नावाचं नवं पान उघडलं.