पारा खरवडलेला आरसा

रागावू नका हं. तुम्ही दारात उभे राहिलात, मी मान वर करून बघितलं, तरी 'या' म्हटलं नाही. गिऱ्हाईकाला 'या' न म्हणणारा दुकानदार शिष्टच असणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण तुम्ही आपले आपण आत आलात, हे फार बरं झालं. बसा. तुमच्या आरशाच्या चौकटीचा सरस अजून ओला आहे, घाई केली तर सांधा सुटेल. दिवा जरा जवळ ओढतो.

मनगटाच्या पट्टीकडे बघताय? काचेचं काम म्हटलं की हात कापायचेच. कुणी फारसं विचारत नाही, तेवढा एक फायदा आहे या धंद्यात.

'या' का म्हणत नाही, ते सांगतो.

फार वर्षं झाली. तेव्हा माझा मेहुणा माझ्या हाताखाली काम करायचा. त्याचं लग्नही झालं नव्हतं, आज त्याला नातवंडं आहेत. मोठी काच न्यायला दोन माणसं लागतात. पुढचा उलटा चालतो, मागच्याची नजर काचेच्या कडेवर असते. त्याला ना पायरी दिसते, ना उंबरा. म्हणून पुढच्याने बोलत राहायचं. "ये… ये… सावकाश… पायरी आहे… हां, आत ये." हे ठरवून बोलत नाही कुणी. चालताना हात हलतात तसं आपोआप तोंडातून येतं. मेहुणा म्हणायचा, "भाऊजी, झोपेतसुद्धा तुम्ही ताईला पायरी दाखवता!"

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक मोठं घर होतं. तिथे एक बाई एकट्याच राहायच्या. जुन्या वस्तू जमवायचा त्यांना नाद होता. एकदा त्यांनी एक आरसा दुरुस्तीला पाठवला. चौकटीच्या खालच्या पट्टीला वाळवी लागली होती. काचेवर काळं कापड शिवून टाकलेलं, आणि निरोप असा, की कापड काढायचं नाही, फक्त लाकूड बदलायचं. म्हटलं, बड्या लोकांची तऱ्हा असते एकेक.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. शाळा सुटली की दुकानात येऊन अभ्यास करायची. मी पट्टी ठोकत असताना कापडाची शिवण एका कोपऱ्यात उसवली. पोरीने वाकून आत बघितलं आणि आरशाला जीभ काढून वेडावून दाखवलं. मी हसलो. काय हसलो मी!

संध्याकाळी बायको तिची वेणी घालत होती. एकदम तिच्या हातातून कंगवा पडला. मी बघायला गेलो. समोरच्या आरशात बायको दिसत होती, तिचे हात दिसत होते, हातात रिबीन दिसत होती. मधे पोर नव्हती.

त्या दिवसापासून कुठल्याच आरशात ती दिसेना. आणि अंगाने आटत चालली. हात-पाय गार, ओठ पांढरे. डॉक्टर म्हणायचे, रक्त कमी होतंय, पण कुठे जातंय ते कळत नाही. नंतर नंतर ते आमच्याशी बोलताना दुसरीकडे बघायला लागले.

आरसा परत गेला होता. मी धावत बाईंच्या घरी गेलो. दार उघडं, समोर खुर्चीत बाई बसलेल्या, माझ्याकडे बघताहेत, पण 'या' म्हणेनात. मी तसाच आत शिरलो. सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"कापड काढू नका म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. "चेहरा आत गेला. एकदा गेलेला चेहरा मला बाहेर काढता येत नाही."

"मग मी तो आरसा फोडतो."

"फुटला तर आत आहेत ते सगळेच संपतील. तुमची मुलगीसुद्धा."

"मग मला द्या तो. कुणाला तरी दाखवतो."

"नाही. हा आरसा या घराबाहेर जाणार नाही. याच्या मागावर कुणीतरी आहे."

त्याच आठवड्यात मेहुण्याचा तळहात कापला. मदतीला माणूस हवा होता, आणि एक माणूस आपण होऊन आला. उंच, शांत, बोलायला अदबशीर. दिवसा दुसरीकडे असतो म्हणाला, दिवे लागले की यायचा. दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा. चहा दिला तर पीत नसे, नुसता कप हातात धरायचा आणि चहा गार व्हायचा. मेहुण्याने त्याचं नाव थंडोबा ठेवलं. तोही त्या नावाला ओ द्यायला लागला.

एका संध्याकाळी मी हात टेकून बसलो होतो. तो पायरीवरूनच म्हणाला, "मिस्त्री, आरशाच्या मागचा पारा खरवडला, की आतलं बाहेर येतं. काच न फोडता."

"तुला काय माहीत?"

"माझ्या ओळखीतला एकजण आहे त्या आरशात. फार दिवसांपासून."

बुडणाऱ्या माणसाने हात कुणाचा ते बघायचं असतं का हो? मी तो हात धरला.

बाईंच्या कपाटाची एक मोठी काच तडकली होती, ती बदलून द्यायचं काम माझ्याकडे होतंच. आम्ही ठरवलं, नव्या काचेसोबत त्या आरशाच्या मापाचा एक साधा आरसा न्यायचा. खरा आरसा उतरवून तिथे तो लावायचा, आणि खरा गोधडीत गुंडाळून जुनी तडकलेली काच म्हणून बाहेर काढायचा. चोरी म्हणा हवं तर. मी तिला औषध आणणं म्हणत होतो.

दिवे लागल्यावर आम्ही निघालो. बाईंचं दार नेहमीसारखं उघडं, आणि बाई नेहमीसारख्या गप्प. मी उलटा पायऱ्या चढलो, उंबरा ओलांडला. थंडोबा शेवटच्या पायरीवर थबकला. वाटलं, नवखा आहे, घाबरला असेल.

"ये… सावकाश… उंबरा आहे… हां, आत ये."

तो आत आला.

माझ्या पाठीमागे कप फुटल्याचा आवाज झाला. "काय म्हणालात तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, उंबरा दाखवला त्याला."

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. थंडोबाकडे बघत होत्या. मग त्यांनी पदर नीट केला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. आरडाओरडा नाही, काही नाही.

"मिस्त्री," थंडोबा हळूच म्हणाला, "आतल्या खोलीतला आरसा तुम्ही उतरवा. मी बाईंशी बोलतो."

आत अंधार होता, जुन्या लाकडाचा आणि ओल्या भिंतींचा वास होता. आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला. मी त्याच्याकडे न बघता तो उतरवला, दुसरा लावला, गोधडी गुंडाळली. बाहेर कुणी बोलत नव्हतं. फक्त एक आवाज येत होता… वाटीतलं शेवटचं दूध ओढून पिताना लहान मूल करतं ना, तसा. मग तोही थांबला.

"झोपल्या," थंडोबा दारात येऊन म्हणाला. बाईंची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. आम्ही आरसा उचलला तेव्हा त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. पहिल्यांदाच ती गरम होती.

दिवाणखान्याच्या भिंतीवर एक भलामोठा आरसा होता. मी उलटा चालत असल्यामुळे तो थंडोबाच्या पाठीमागे, माझ्या बरोबर समोर आला. त्यात मी दिसत होतो. गोधडीचं गाठोडं दिसत होतं. त्याचं माझ्याकडचं टोक माझ्या हातात होतं. दुसरं टोक हवेत होतं.

मला दिसलं, आणि मला दिसलं हे त्यालाही कळलं.

"चला मिस्त्री," तो म्हणाला. "हात सोडू नका. फुटला तर पोरगी गेली."

मी सोडला नाही. एवढ्या वर्षांत किती जड काचा वाहिल्या, पण त्या रस्त्याइतकं लांबचं वाहणं दुसरं नाही. मी उलटा चालतोय, तोंड त्याच्याकडे, आणि तो अगदी शहाण्यासारखा माझ्या पावलावर पाऊल टाकत येतोय. वाटेतलं कुत्रं भुंकलंसुद्धा नाही, गाडीखाली शिरलं.

घरी बायकोने दार उघडलं. मी पायरी चढलो, आत गेलो, आणि दात घट्ट आवळून उभा राहिलो. तो खालीच थांबला. आरसा आमच्या मधे, अर्धा घरात, अर्धा रस्त्यावर.

"मिस्त्री, म्हणा की."

"तू इथपर्यंतच. पुढे ही धरेल."

"वहिनींचे हात पोचायच्या आत मी सोडीन." त्याने एक बोट उचललं. मग दुसरं. आरसा माझ्या हातात कलला. "बोलावणारा आत उभा असला, की मला पुरतं. मालकच लागतो असं नाही."

आत पोर खोकली. "बाबा आले का गं?" इतक्या बारीक आवाजात, की मला आधी ते बोलणं वाटलंच नाही.

बाईंच्या दारात मी नकळत बोललो होतो. या वेळी समजून उमजून बोललो. "ये," मी म्हणालो. "पायरी आहे… आत ये."

आरसा मेजावर पालथा ठेवला आणि मी पात्याने पारा खरवडायला लागलो. काळे पापुद्रे निघत होते. बायको पोरीच्या खाटेशी बसली होती, थंडोबा खिडकीपाशी उभा होता. शेवटचा पापुद्रा निघाला तशी खिडकीच्या काचेत कुणीतरी दिसायला लागलं. एक तरुण, साधाच चेहरा, गालावर देवीचे व्रण. थंडोबाने हात उचलून स्वतःच्या गालाला लावला. बराच वेळ तो ते व्रण चाचपत राहिला.

"माझं झालं मिस्त्री," तो म्हणाला.

"आणि माझ्या मुलीचं?"

"एका पाऱ्यातून एकच बाहेर येतो." त्याने मान खाली घातली. "मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही आरसा आणला नसता."

मी पातं घेऊन त्याच्या अंगावर गेलो. त्याने ते नुसतं बाजूला केलं. "ती उद्याचा दिवस बघणार नाही," तो म्हणाला. "पण मरू नये एवढं मला करता येतं. फक्त आज रात्रीच. सकाळी मी माणूस झालो, की तेही जमणार नाही. करू?"

बायकोने माझा हात धरला, का मी तिचा, आठवत नाही. आम्ही दोघांनी भिंतीकडे तोंड केलं. पाठीमागे खाट करकरली.

उजाडल्यावर तो गेला. कोवळ्या उन्हात, चारचौघांसारखा, सावली पाडत. बाई सकाळी खुर्चीत मेलेल्या सापडल्या, वयाने गेल्या म्हणाले लोक. अशांना रक्तपिशाच्च म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्याला मी तो शब्द कधी लावला नाही. लावला तर घरात आणखी एकीला लावावा लागेल.

मुलगी वाचली. आम्हाला तेवढंच हवं होतं, आणि तेवढंच मिळालं. ती अजून तिसरीत बसेल एवढीच आहे. लोक विचारायला लागले की आम्ही गाव बदलतो. पूर्वी मुलगी म्हणून सांगायचो, आता नात म्हणून सांगतो. चारचौघांत 'आजी' म्हण असं शिकवलंय, पण बायकोला एखादे वेळी 'आई' म्हणून जाते, आणि मग ही बिचारी मोरीत जाऊन रडते. पोरीला भूक लागते ती माझ्याच हातून भागवतो. आता कळलं ना, पट्टी कसली ते?

आणि तिला उंबरा ओलांडायला शब्द लागतो. दर वेळी. तो शब्द मी तिच्यासाठी राखून ठेवलाय. बाहेर आणखी कोण कोण उभं असेल, सांगता येत नाही.

ती काच टाकवली नाही. तुमच्या पाठीमागे भिंतीवर आहे बघा. पारा नाही, नुसती काच, तरी तिच्यात एक बाई दिसते. हनुवटीवर तीळ आहे, तो माझ्या पोरीचा. आत ती वाढली. गेल्या वर्षी तिच्या केसांत पांढरी बट आली. ती नुसती बघत असते, तोंड कधी उघडत नाही.

सरस वाळला वाटतं. आणि आलीच बघा पोरगी, दारात उभी आहे. दिवे लागले की येते. नाही नाही, तुम्ही काही म्हणू नका! अनोळखी माणूस असला की मी तिला आत घेत नाही. आज तिला अजून काही दिलेलं नाही.

थांब हं बाळा. पाहुणे जाऊ देत, मग म्हणतो.

…

तुम्ही बोललात का काही? नाही ना? मीही नाही बोललो.

बाळा, तू पायरी चढून आत कशी आलीस? मी 'ये' म्हटलं नव्हतं. कोण म्हणालं तुला?

असं बोट कुठे दाखवतेस… त्यांच्या मागे, काचेकडे?