आग्नेलचा पुडा

“तेवढं काढून टाका हो, ताई… तुमच्या पाया पडते!”

एमिलीचे हात केळ्याच्या रसाने चिकट झाले होते, तरी त्याच हातांनी तिने ज्ञानदाची ओढणी घट्ट धरली. नंदाखाल गावातल्या त्या अंगणात मराठी वाहिनीची ही मुलगी सकाळपासून कॅमेरा घेऊन आली होती, सुकेळी कशी करतात ते दाखवायला. पिकलेली राजेळी केळी सोलायची, बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात वाळवायची, केळीच्याच सुक्या पानांत बांधून पुडा करायचा… सांगता सांगता एमिली अशी खुलली, की पन्नाशी उलटलेली ती बाई पंचविशीची दिसू लागली. आणि नेमकं तेव्हाच ज्ञानदाचं लक्ष पडवीच्या आढ्याला टांगलेल्या पाच काळपटलेल्या पुड्यांकडे गेलं. “हे का नाही विकले?” तिने विचारलं.

एमिलीने तोंड उघडण्याआधीच शेजारची रेजिनामावशी पुढे सरसावली. मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या आळीला ठाऊक!

“ते तिच्या भावाचे हाय. कॅनडात असतो आग्नेल. आय मरायला टेकली, तवा त्याचे तिथले कागद व्हायचे होते. इकडे आला असता तर परत घेतला नसता त्याला! म्हणून आयनंच हिला क्रुसावर हात ठेवायला लावला, त्याला कळवू नको, न मी अडवलं हेही कदी सांगू नको. तो बसला हिच्यावर रागावून, न ही बसली…”

एमिलीने धावत येऊन मावशीच्या तोंडावर हात ठेवला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

ज्ञानदाने शब्द दिला आणि तो पाळलाही. रविवारी एमिलीच्या घरात सारी आळी टीव्हीपुढे जमली, तेव्हा मावशी दिसली ती फक्त केळी सोलताना, आणि त्यावरून ती आठवडाभर फुगून बसली. एमिलीचा जीव मात्र भांड्यात पडला. कापलं म्हणजे कापलं, घड उतरवल्यावर केळीला का पुन्हा तोच घड लागतो?

आईच्या दफनानंतर तिसऱ्या दिवशी तिने आग्नेलला फोन केला होता, त्याला पाच वर्षं झाली. ज्याला तिने कडेवर घेऊन वाढवलं, ज्याच्या शिक्षणापायी स्वतःचं लग्न राहून गेलं तरी कधी खंत केली नाही, तोच त्या दिवशी हंबरडा फोडून म्हणाला होता, “एक मूठ माती घालू दिली नाहीस मला, बाय! आजपासून मला बहीण नाही…”

ते शब्द तिने झेलले. कितीदा खरं ओठांवर आलं! पण आईचे शेवटचे शब्द आठवायचे. “त्याच्या कागदांपायी मी त्याला अडवलं हे कळलं, तर पोर तिथं सुखानं घास घेणार नाय गं…” मग एमिली दर हंगामाला पहिला पुडा त्याच्या नावाने बांधायची, आईसारखीच दुहेरी गाठ मारून. लांबच्या प्रवासाला जायचा पुडा, सुटता कामा नये, असं आई म्हणायची. पाठवायला मात्र धीर व्हायचा नाही.

कार्यक्रमाला तीन आठवडे झाले. संध्याकाळी चर्चची घंटा झाली, एमिलीने प्रार्थना संपवून क्रुसाची खूण केली आणि फोन वाजला. आग्नेलची बायको, जीना!

“बाय, आम्ही तुम्हाला टीव्हीवर पाहिलं!”

“अगं, तो कार्यक्रम कधीच होऊन गेला! आता कुठला?”

“इथं कॉम्प्युटरवर दिसतो, हवा तेव्हा. दर रविवारी आम्ही मराठी लावतो… आणि वाहिनीनं इंटरनेटवर सगळंच घातलंय, बाय. टीव्हीवर नव्हतं तेही.”

 एमिली खुर्चीत बसली. पलीकडे कुणीतरी हुंदका दाबत होतं.

“बाय…”

पाच वर्षांनी! कानांत प्राण गोळा झाले, पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. “आग्नेल, मी नाही रे सांगितलं! मी शपथ नाही मोडली…”

“ठाऊक आहे.” तो म्हणाला. “सात वेळा पाहिलं मी. मावशीच्या तोंडावर हात ठेवायला धावलीस, तेही पाहिलं. अगं, कुठल्या मातीची आहेस तू? मी इतकं बोललो, आणि तू… मला क्षमा कर, बाय!”

“वेडा आहेस. धाकट्यांनी बोलायचं, थोरल्यांनी ऐकायचं,” ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली. कितीतरी दिवसांनी तिला रडून बरं वाटलं.

“मेमध्ये येतोय आम्ही. आधी आईच्या कबरीवर मूठभर माती घालायची आहे. आणि ते पाच पुडे मला हवेत.”

“काळे पडलेत रे. खाववणार नाहीत.”

“तरी हवेत.”

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. एमिलीने तट्ट्यावरची सुकेळी गोळा केली, नेहमीप्रमाणे आग्नेलचा पुडा आधी बांधायला घेतला आणि आढ्याकडे न पाहता तो फडताळात ठेवला. यंदा तिने गाठ एकच मारली होती.