आली का?

हॅलोताईचं खरं नाव काय, हे ऑफिसात कुणाला धड आठवायचंच नाही बघा. सबस्टेशनच्या तक्रार खोलीत फोन वाजला की पहिला "हॅलो" तिचा, म्हणून लाईनमन लोकांनी तिचं हॅलोताई करून टाकलेलं. ते जे चिकटलं ते चिकटलंच.

खोली म्हणजे काय, एक टेबल, एक कुरकुरणारी खुर्ची, भिंतीवर काळा फळा. फळ्यावर तक्रारी लिहायच्या आणि लाईट आली की ओल्या फडक्याने पुसायच्या. पण पुसायच्या आधी एक काम असायचं. ज्याची तक्रार त्याला हिनेच उलटा फोन करायचा आणि विचारायचं, "आली का?" तो म्हणणार, "आली." की मारलं फडकं! एवढंच. आता कुणी "वीजपुरवठा सुरळीत झाला का" असं बोलतं का कधी? आली का, तर आली. काय आली ते सांगायला लागतच नाही. लाईटच ना! दुसरं काय येणार?

तर वादळ पहाटे येऊन गेलं, आणि सकाळपासून ही बाई फोनवर नुसत्या शिव्या खातेय. मोबाईलचे टॉवर झोपलेले, पण जुन्या तारेचे फोन कसे कोण जाणे, ठणठणीत. सगळं गाव त्याच फोनवर तुटून पडलेलं. बाजाराकडची लाईन सकाळीच सुरू झाली. मेली ती किनाऱ्याची लाईन. धक्क्यापासून पार शेवटच्या गल्लीपर्यंत ठार अंधार, खांब वाकलेले, तारा वाळूत. आणि त्या शेवटच्या गल्लीतलं शेवटचं घर कुणाचं? हॅलोताईचंच!

आणि घरात बाबा. फुप्फुसं कामातून गेलेली, नाकात नळी, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन. मशीन इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टर किती दम धरणार? जवळ सिलेंडर होता, तो गेल्या वेळच्या अंधारात संपला आणि दुकानदार आज देतो, उद्या देतो करत बसला. शेजारच्या शिलाईकाकू बाबांजवळ बसल्या होत्या म्हणून, नाहीतर ही केव्हाच पळाली असती. पण पळणार कशी? बदलीवाली आलीच नाही, रस्त्यावर झाड. आणि साहेबांनी दारातच सांगून टाकलं, "तू उठलीस तर फोन मी घेऊ का?" जसं काही फोन उचलल्याने त्यांचा हात झडणार होता.

तिने घरी फोन लावला.

"बॅटरीचा दिवा लाल झालाय गं," शिलाईकाकू म्हणाल्या. "मी मेणबत्ती लावलीय, पण मेणबत्तीवर मशीन चालत नाही ना. थांब, फोन पलंगापाशी नेऊन देते यांना."

मग बाबा. दोन शब्द, दम. दोन शब्द, दम. मागे मशीनची घरघर.

"काम कर... तू तुझं... माझी काळजी... करू नको."

"बाबा, बोलू नका तुम्ही. मामा खांबावर चढलेत. संध्याकाळच्या आत येतेय लाईट."

मामा म्हणजे सगळ्यात जुने लाईनमन. सगळ्या ऑफिसचे मामा. त्यांच्याकडे वॉकीटॉकी, हिच्याकडे वॉकीटॉकी, आणि त्यातून अर्धं बोलणं आणि अर्धी खरखर.

फोन ठेवते तोच बर्फवाले शेठ! सकाळपासून कितव्यांदा ते विचारूच नका. "ताई, माझा कारखाना आहे, सरबताची गाडी नाही! लाद्या वितळून रस्त्यावर चालल्यात! लोक त्यात पाय धुतायत! तुमच्या साहेबाला आणून बसवू का त्या पाण्यात?"

"शेठ, काम चालू आहे."

"काम चालू, लाईट बंद! वा!" आणि खाडकन फोन आपटला.

दुपार झाली. जेवण नाही, चहा नाही. खिडकीच्या फटीतून पाणी आत येऊन तिच्या चपला भिजलेल्या, त्यात पायांची बोटं पांढरी पडलेली. शेठचा फोन बराच वेळ आला नाही, तेव्हा तिलाच वाटलं, बापरे, माणूस खरंच निघाला की काय इकडे! म्हणून तिने आपणहून लावला. सांगायचं होतं की अजून वेळ लागेल. पण तोंडाला सवय ना. तोंड आपलं आपण म्हणालं, "हॅलो, आली का?"

पलीकडून शेठ, "हो. आली."

"आली? कमाल आहे! बरं झालं बाई," असं म्हणून हिने फडकं मारलं आणि वॉकीटॉकी उचलली. "मामा, शेठकडे आली म्हणे."

खरखर. मग मामा फुटलेच. "कोण म्हणतं आली? तार इथे माझ्या पायाशी वाळूत पडलीय! पोहत आली का? ताई, माझं डोकं आधीच फिरलंय, तू आणखी चावी देऊ नको!"

मध्ये काच होती, काचेपलीकडे पॅनेलची खोली. प्रत्येक लाईनला एक काटा. किनाऱ्याचा काटा शून्यावर पडून.

मस्करी! ती भडकलीच. परत लावला फोन. "शेठ, आम्ही इथे मरतोय आणि तुम्हाला गंमत सुचतेय?"

"गंमत नाही ताई. आली ना." आवाज शेठचाच. पण कसा सांगू, पाट्यावरून हात फिरवल्यासारखा गुळगुळीत. "आम्ही सगळे बसलोय."

"मशीन चालू झालं का तुमचं?"

"मशीन कशाला?"

बर्फाच्या कारखान्यातून बोलत होता हो माणूस! मागे काहीच नव्हतं. ना मोटर, ना माणसं, ना गळणारं पाणी. तिने फोन ठेवला आणि ओले हात ओढणीला पुसले. हात ओले कशाने झाले ते तिला कळलं नाही.

"साहेब, शेठ काहीतरी विचित्र बोलतायत."

साहेब खूश! "ओरडत नाहीत ना? मग विचित्र कसलं? पुसलीस ना तक्रार? झालं तर."

मग पार्लरवाली. ही तर सकाळपासून रडत होती. एका नवरीच्या डोक्याला रंग लावून ठेवलेला, धुवायला पंप नाही, नवरीची आई कात्री घेऊन उभी. हॅलोताईने काळजीपोटी तिला फोन केला. आता म्हणाल, परत तेच विचारलं? अहो, विचारलं! दिवसभर जे तोंडातून जातं तेच जातं. "आली का गं?"

"हो. आली."

"अगं, नवरीचं काय झालं?"

"बसलीय."

बस. एवढंच. जी बाई एरवी एका नमस्काराला चार वाक्यं लावते!

मामांना विचारलं, तर ते म्हणे, "ताई, जंपरची जोडतार अजून माझ्या हातात आहे. आता परत विचारलंस तर मी खाली उतरून घरी जाईन."

मग धक्क्यावरचा दवाखाना, मग जाळीवाले. सगळीकडे तेच. आली. बसलोय. आणि ज्यांना हिने फोन केला नव्हता ना, ते मात्र मस्तपैकी शिव्या देत होते. कुणी साहेबांची आई काढतंय, कुणी हिची. हॅलोताई फळ्यावरच्या पुसलेल्या जागांकडे बघत बसली. आपण ज्याला विचारतो, तोच गप्प होतो. आपण विचारतो, ते म्हणतात आली, आणि त्यानंतर त्यांना पंखा नको, पंप नको, काही नको.

तिने ठरवलं, आता कुणाला विचारायचं नाही.

पुढचा फोन आला, एक म्हातारा तिच्यावर घसा फाटेस्तोवर ओरडला, आणि तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! "ओरडा आजोबा, ओरडा," ती म्हणाली. त्या बिचाऱ्याने गडबडून फोनच ठेवला.

बाहेरचा उजेड राखेसारखा व्हायला लागला. वॉकीटॉकी खरखरली. "साहेबांना सांग," मामा धापा टाकत होते, "एक जोड राहिलाय, तो झाला की सोडा लाईन."

"मामा, लवकर करा हो. बाबांचं मशीन..."

"माहितेय गं मला. म्हणून तर या वयात माकड झालोय."

तेवढ्यात घरचा फोन. शिलाईकाकू कुजबुजत होत्या. "अगं, इन्व्हर्टर टूं टूं करतोय. बाबांचे ओठ निळे दिसायला लागलेत. मी उशा लावून बसवलंय त्यांना. काय करू सांग ना!"

"काकू, खिडकी उघडा. पाठ चोळत राहा. आलीच, आता आलीच..."

ती एकदम थांबली. काय बोललो आपण?

पलीकडे फोन कट झाला होता.

ती लावायला लागली. लागेना. परत लावला. एंगेज. परत. साहेब पॅनेलपाशी हातमोजे घालत होते. "मामाचा निरोप आला की सोडतो. मग तू टोकाच्या घराला विचार. टोकाला आली म्हणजे सगळ्यांना आली." टोकाचं घर! हिचंच की!

"साहेब, मी विचारणार नाही."

"म्हणजे? रोज विचारतेस!"

"आज नाही."

"आता तू पण सुरू हो," साहेब वैतागून म्हणाले. "सगळ्यांनी मिळून मला वेड लावा."

आणि फोन लागला.

एक रिंग. दोन. तिने मनाशी वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं. बाबा कसे आहेत. बाबा कसे आहेत. एवढंच म्हणायचं.

पलीकडे उचलला.

"हॅलो," ती म्हणाली, आणि दिवसभर घासलेलं ते तोंड, मेलं, आपलं आपण पुढे गेलं. "आली का?"

तिने जीभ चावली. रक्ताची चव आली. पण शब्द गेला तो गेला.

"हो बाळा, आली."

बाबा. स्वतः. पलंगावरून फोनपर्यंत बाबा महिनोन्महिने चालले नव्हते.

तिने काचेतून पाहिलं. काटा शून्यावर. साहेबांचा हात अजून खटक्यावर, खटका वर, म्हणजे लाईन बंदच. वॉकीटॉकीत मामा ओरडत होते, "थांबा हां, सोडू नका, जोड बाकी आहे!"

"बाबा, काकू कुठायत?"

"इथेच आहेत आम्ही सगळे बसलोय मशीन बंद केलं मी उगाच घरघर करत होतं आता कसं छान वाटतंय तू उगाच दिवसभर जिवाला घोर लावून घेतलास बघ..."

बाबा छान बोलत होते. किती दिवसांनी! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, खरंच, एक क्षण तिला नुसता आनंद झाला. ठणठणीत, मोकळा आवाज. शेजारच्यांबद्दल बोलले, खिडकीबद्दल बोलले, आईबद्दल बोलले, वाक्याला वाक्य लागून, लागून, लागून.

मग ती ऐकायला लागली. शब्द नाही. शब्दांच्या मधलं.

मध्ये काही नव्हतं.

बाबा श्वास घेतच नव्हते.

साहेब काचेवर टकटक करून आत डोकावले. "काय गं, लागला ना घरी? काय म्हणतायत? आली का?"

तिने दोन्ही ओठ दातांत धरले आणि वर हात दाबून ठेवला.

"सांग ना त्यांना," बाबा कानात म्हणाले.